जुन्या मोटारीचे इग्निशन : सुटे भाग निवडताना...

(आमच्या प्रतिनिधीकडून)

परभणी : हिवाळा सुरू झाला, की सकाळी चालू न होणाऱ्या मोटारींची गॅरेजसमोरील गर्दी वाढू लागते. पावसाळ्यात हीच तक्रार वेगळ्या रूपात येते. इंजिन चालू होते. पण ‘मिस’ मारते, चढावर दम टाकते आणि पेट्रोल अधिक पिते. अशा वेळी ‘प्लग बदलून टाका’ हा सल्ला सर्वांत आधी मिळतो. हा सल्ला अनेकदा बरोबर असतो. पण कोणता प्लग, प्लगबरोबर आणखी काय आणि मुळात दोष प्लगचाच आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे न शोधता केलेला खर्च वाया जाण्याची शक्यता अधिक असते.

‘एमएच-२२’ हा क्रमांक मिरवणाऱ्या जुन्या पेट्रोल मोटारींची संख्या जिल्ह्यात आजही लक्षणीय आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी तिकडे नोंदल्या गेलेल्या काही गाड्यांवरही हाच क्रमांक दिसतो. मारुती ८००, ओम्नी, झेन, जुनी वॅगन-आर, अल्टो, सँट्रो अशा या मोटारी जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांच्या ठिकाणांहून शेतीच्या, दुकानाच्या आणि दवाखान्याच्या कामासाठी रोज धावतात. मारुती ८०० ची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली आणि या मोटारीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. म्हणजे सर्वांत अलीकडची मारुती ८०० सुद्धा आता दहा वर्षांहून जुनी झाली आहे. लाख-दीड लाख किलोमीटर धावलेल्या अशा गाडीची बाजारातील किंमत फारशी उरलेली नसते. पण तिच्यावाचून घराचे काम अडते. रात्री रुग्णाला नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला न्यायचे असेल, तर तिचा भरवसा किमतीपेक्षा मोठा ठरतो. म्हणूनच इग्निशनच्या सुट्या भागांची निवड हा केवळ मिस्त्रींवर सोपवून देण्याचा विषय नाही.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. हे विवेचन पेट्रोल आणि गॅसवर चालणाऱ्या मोटारींपुरते आहे. डिझेल इंजिनात ठिणगीने इंधन पेटत नाही. हवेवरील प्रचंड दाबाने निर्माण झालेल्या उष्णतेने ते पेटते. डिझेल इंडिका किंवा बोलेरोमध्ये ज्याला ‘हीटर प्लग’ म्हणतात, तो भाग थंड इंजिन चालू होण्यास मदत करतो. त्याचा आणि स्पार्क प्लगचा संबंध नाही.

ठिणगी कशी पडते?

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. इंजिनातील दाबाखालच्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणातून ठिणगी उडवण्यासाठी मात्र हजारो व्होल्ट लागतात. हे काम इग्निशन कॉईल करते. कॉईलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे कितीतरी पट अधिक वेढे असतात. जाड तारेतून वाहणारा प्रवाह एकाएकी तोडला, की तेथील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेत पंधरा ते तीस हजार व्होल्टपर्यंतचा दाब निर्माण होतो. तो प्लग वायरमधून प्लगच्या टोकाशी पोचतो आणि तेथील सुमारे एक मिलिमीटरची फट ओलांडताना ठिणगी पडते.

या ठिणग्यांचा हिशेब मांडला, तर प्लग का झिजतो हे सहज समजते. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक प्लगला इंजिनाच्या दोन फेऱ्यांमागे एकदा ठिणगी द्यावी लागते. इंजिन मिनिटाला ३ हजार फेऱ्या घेत असेल, तर मिनिटाला १,५०० आणि तासाला ९० हजार ठिणग्या होतात. ताशी ५० किलोमीटरच्या सरासरीने ३० हजार किलोमीटर धावण्यास ६०० तास लागतात. तेवढ्यात एका प्लगमधून ५ कोटी ४० लाख ठिणग्या पडलेल्या असतात. प्रत्येक ठिणगी धातूचा सूक्ष्म कण घेऊन जाते. टोकाच्या धारदार कडा गोलसर होतात, फट रुंदावते आणि ती ओलांडण्यासाठी कॉईलला अधिकाधिक दाब निर्माण करावा लागतो. झिजलेला प्लग अशा रीतीने धडधाकट कॉईल आणि वायर यांचेही आयुष्य कमी करतो.

थंडीत हा दोष प्रथम का जाणवतो, याचेही उत्तर येथेच आहे. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, ऑइल घट्ट झालेले असते आणि स्टार्टर बॅटरीतून मोठा प्रवाह ओढतो. त्या क्षणी बॅटरीचा दाब १२ व्होल्टवरून दहाच्या आसपास उतरतो. नेमकी गरज असते तेव्हाच कॉईलला कमी वीज मिळते. उन्हाळ्यात एरवी निभावून नेणारी रुंद फट अशा सकाळी निभत नाही.

आपली मोटार कोणत्या पिढीची?

सुटे भाग घेण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणती व्यवस्था आहे, हे माहीत असणे आवश्यक आहे. ढोबळमानाने चार प्रकार आढळतात.

पहिला प्रकार पॉइंट आणि कंडेन्सरचा. अँबेसिडर, पद्मिनी आणि सुरवातीच्या काळातील मारुती या वर्गात मोडतात. यात डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट उघडून कॉईलचा प्रवाह तोडतो. दुसऱ्या प्रकारात डिस्ट्रिब्युटर कायम असतो. पण पॉइंटची जागा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलने घेतलेली असते. तिसऱ्या प्रकारात डिस्ट्रिब्युटर नसतो. दोन सिलिंडरांना मिळून एक कॉईल असते. चौथ्या प्रकारात प्रत्येक प्लगच्या डोक्यावरच स्वतंत्र कॉईल बसवलेली असते आणि प्लग वायर नसतात.

पहिल्या दोन प्रकारांत बदलायचे भाग अनेक. पण स्वस्त असतात. शेवटच्या दोन प्रकारांत भाग मोजकेच असतात. मात्र त्यांतील कॉईल महाग असते. त्यामुळे जुन्या गाडीत ‘सगळा सेट बदला’ हा सल्ला परवडतो आणि नव्या पद्धतीच्या गाडीत तोच सल्ला खिशाला जड जातो.

आधी जुना प्लग वाचा

काढलेला प्लग फेकून देण्यापूर्वी तो नीट पाहावा. इंजिनाच्या पोटात काय चालले आहे, हे सांगणारा तेवढा स्वस्त साक्षीदार दुसरा नाही. प्लग काढताना ते सिलिंडरच्या क्रमानेच मांडून ठेवावेत. अन्यथा साक्ष कोणत्या सिलिंडरची, हेच कळत नाही.

प्लगचे टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल, तर इंजिनातील ज्वलन ठीक आहे आणि प्लग केवळ वयाने झिजला आहे, असे समजावे. कोरडी, मऊ काजळी असेल, तर पेट्रोल अधिक किंवा हवा कमी मिळते आहे. आपल्याकडील काळ्या जमिनीची बारीक धूळ एअर फिल्टरमध्ये बसते आणि हे चित्र दिसू लागते. तेथे दहा प्लग बदलण्यापेक्षा एक फिल्टर बदलणे शहाणपणाचे. टोक पांढरेफटक आणि फोड आल्यासारखे असेल, तर ते प्रमाणाबाहेर तापते आहे. टायमिंग पुढे गेलेले असणे, पेट्रोल कमी पडणे, कूलिंगमधील बिघाड किंवा चुकीच्या क्रमांकाचा प्लग यांपैकी एखादे कारण त्यामागे असते.

जास्त धावलेल्या गाडीत सर्वाधिक महत्त्वाचे चिन्ह म्हणजे ओलसर, चिकट, काळे टोक. त्याचा अर्थ इंजिन ऑइल जाळत आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले आहेत. अशा इंजिनात नवा प्लग घातल्यावर काही दिवस गाडी छान चालते आणि पुन्हा पूर्वपदावर येते. येथे प्लगवर अधिक पैसे घालवण्यापूर्वी कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंगांकडे आणि न वाढल्यास व्हॉल्व्हकडे किंवा गॅस्केटकडे असण्याचा संभव अधिक. ही तपासणी थोड्या खर्चात होते आणि पुढील मोठा खर्च करायचा की नाही, हे ठरवण्यास मदत करते.

प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीच्या भागावर, धातूच्या कडेला लागून, तपकिरी पट्टा दिसतो. तो पाहून ‘प्लग गॅस सोडतो आहे’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतील तेलकट कण तेथे चिकटलेले असतात. हा दोष नव्हे. त्याच भागावर उभी, केसासारखी काळी रेष दिसली तर मात्र वीज बाहेरून पळते आहे, असे समजून प्लग आणि त्यावरचे रबरी टोपण दोन्ही बदलावे.

अक्षरे आणि अंक यांचा अर्थ

प्लगवरील क्रमांक म्हणजे त्याची कुंडलीच. उदाहरणार्थ, एनजीके या जपानी कंपनीचा ‘बीपीआर५ईएस’ हा प्लग घेऊ. यातील ‘बी’ म्हणजे १४ मि.मी. व्यासाचा आटा, ‘पी’ म्हणजे पुढे आलेले टोक, ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर, ‘५’ हा उष्णतेचा क्रमांक, ‘ई’ म्हणजे आट्याची १९ मि.मी. लांबी आणि ‘एस’ म्हणजे आत तांब्याचा गाभा असलेला साधा प्लग. बॉशच्या ‘डब्ल्यूआर७डीसी’ या क्रमांकातही हीच माहिती वेगळ्या अक्षरांनी दिलेली असते.

खरी गफलत उष्णतेच्या अंकात होते. एनजीके आणि डेन्सो यांच्या पद्धतीत अंक जितका मोठा तितका प्लग ‘थंड’ असतो. बॉशच्या पद्धतीत नेमके उलट आहे. अंक मोठा तितका प्लग ‘गरम’. एनजीकेचा ५, बॉशचा ८ आणि डेन्सोचा १६ हे साधारणपणे एकाच पायरीवर येतात. दुकानात एका कंपनीचा प्लग नसेल आणि दुसरीचा ‘तोच नंबर’ म्हणून दिला, तर तो पूर्णपणे वेगळा असू शकतो. यासाठी अंकावरून अंदाज न बांधता कंपनीचा तुलनात्मक तक्ता पाहण्याचा आग्रह धरावा.

गरम आणि थंड हे शब्द ठिणगीबद्दल नसून प्लग स्वतःची उष्णता किती वेगाने इंजिनाच्या हेडला देतो, याबद्दल आहेत. प्लगचे टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तर त्यावरील काजळी आपोआप जळते. ८५० अंशांच्या पुढे गेले, तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू लागते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ऑइल खाणाऱ्या इंजिनात एक पायरी गरम प्लग घालण्याची जुनी रीत गॅरेजमध्ये आहे. गावातल्या गावात हळू चालणाऱ्या गाडीला तिचा तात्पुरता उपयोग होतोही. परंतु परभणीच्या मे महिन्यात, पारा चव्वेचाळिसाच्या पुढे असताना, चार माणसे बसवून राष्ट्रीय महामार्गावर तासन् तास गाडी पळवायची असेल, तर हाच उपाय इंजिनाच्या मुळावर येऊ शकतो. एका पायरीहून अधिक बदल कधीही करू नये आणि इंजिनाचे काम झाल्यावर मूळ क्रमांकावर परत यावे.

आट्याच्या लांबीबाबत तर तडजोड अजिबात नको. लांब आट्याचा प्लग पिस्टनवर किंवा व्हॉल्व्हवर आदळू शकतो. आखूड आट्याचा प्लग आत दडून राहतो आणि उघड्या राहिलेल्या आट्यांत काजळी साचून पुढच्या वेळी योग्य प्लगही बसत नाही.

निकेल, प्लॅटिनम की इरिडियम?

बाजारात साधा निकेलचा प्लग शंभर ते दोनशे रुपयांच्या आसपास मिळतो. इरिडियमच्या एका प्लगला पाचशे रुपयांहून अधिक मोजावे लागतात. अधिक किमतीचा प्लग म्हणजे अधिक ताकद, असा समज आहे. तो खरा नाही. इरिडियम हा अत्यंत कठीण आणि उशिरा वितळणारा धातू आहे. त्यामुळे टोक बारीक ठेवता येते, ठिणगीला कमी दाब पुरतो आणि फट दीर्घकाळ टिकते. फायदा मुख्यतः आयुष्याचा आहे. झिजलेल्या इंजिनाचे गेलेले कॉम्प्रेशन इरिडियम परत आणून देत नाही.

निर्णय घेण्यास सोपा नियम असा, की कंपनीने मूळ गाडीत निकेल प्लग दिला असेल आणि इंजिन जुने झाले असेल, तर निकेलच घ्यावा आणि तो वेळेवर बदलावा. ऑइल खाणाऱ्या इंजिनात महाग प्लगही स्वस्त प्लगइतक्याच लवकर चिकट होतो. मूळ गाडीत इरिडियम किंवा प्लॅटिनम असेल, तर पैसे वाचवण्यासाठी निकेलवर उतरू नये. कारण बदलण्याचा काळ त्या धातूच्या आयुष्यावर ठरवलेला असतो. दोन सिलिंडरांना एक कॉईल असलेल्या गाड्यांत आणखी एक बारकावा आहे. तेथे निम्म्या प्लगमध्ये वीज उलट दिशेने उडी घेते आणि झीज मधल्या टोकाऐवजी बाजूच्या पट्टीवर होते. अशा गाडीत महाग प्लग घ्यायचाच असेल, तर दोन्ही टोकांना मौल्यवान धातू असलेला घ्यावा.

रेझिस्टर हा तिसरा मुद्दा. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत रेझिस्टर नसलेला प्लग चालत असे; फार तर रेडिओत खरखर येई. इंजेक्शनच्या गाडीत मात्र हीच खरखर संगणकाला चुकीचे संदेश देऊ शकते. तेथे ‘आर’ अक्षराचाच प्लग हवा.

वायर, कॅप आणि रोटर

पावसाळ्यात बंद पडणाऱ्या गाडीत संशयाची सुई प्रथम प्लग वायरकडे वळली पाहिजे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने वायरचे आवरण कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात आणि दमट हवेत वीज तेथूनच इंजिनाच्या धातूकडे पळते. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले, तर वायरभोवती निळसर ठिणग्या दिसतात. ही पाहणी हात दूर ठेवून करावी. चालू इंजिनातील वायर हाताने ओढून ‘कोणता प्लग मिस मारतो’ ते पाहण्याची पद्धत धोक्याची आहे. विजेचा जोरदार धक्का बसतोच. शिवाय इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल किंवा कॉईल कायमची निकामी होऊ शकते.

वायर ओहममीटरने तपासता येते. कार्बन गाभ्याच्या वायरचा रोध तिच्या लांबीनुसार काही हजार ओहम असतो. संचातील एखादी वायर लांबीच्या मानाने फार अधिक रोध दाखवत असेल किंवा हलवल्यावर आकडा नाचत असेल, तर संपूर्ण संच बदलावा. एकेक वायर बदलत गेल्यास सहा महिन्यांत गाडी चार वेळा उभी राहते. नव्या वायरची लांबी मूळ वायरइतकीच हवी. तंग वायर टोपणातून निसटते आणि अधिक लांब वायर सायलेन्सरच्या गरम भागाला टेकून जळते.

डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि आतील रोटर हे जोडीने बदलायचे भाग. कॅप आतून पाहावी. पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेष, चीर किंवा खाल्लेले पितळी-अॅल्युमिनियमचे टोक दिसले, की तिचे आयुष्य संपले. ते टोक पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवण्याची सवय आहे. पण घासल्याने रोटर आणि टोक यांतील अंतर वाढते आणि कॉईलवरचा भार वाढतो. तो फार तर घरी पोचण्यापुरता इलाज आहे.

कॉईल, पॉइंट आणि कंडेन्सर

मोटार थंड असताना व्यवस्थित चालते, अर्ध्या तासाने एकदम बंद पडते आणि वीस मिनिटे थांबल्यावर पुन्हा चालू होते, ही तक्रार उन्हाळ्यात विशेष ऐकू येते. अशा वेळी कॉईल किंवा मॉड्यूल तापून काम सोडते आहे का, हे पाहावे. पेट्रोल पंपाचा दोषही असाच वागतो. म्हणून गाडी बंद पडलेली असतानाच ठिणगी येते का, हे मिस्त्रींकडून तपासून घ्यावे. थंड झाल्यावर केलेल्या तपासणीत दोष सापडत नाही.

कॉईल घेताना केवळ आकार जुळून चालत नाही. काही कॉईल बाहेरच्या रेझिस्टरसह वापरायच्या, तर काही त्याविना वापरायच्या असतात. कमी रोधाची कॉईल पॉइंटच्या गाडीला थेट जोडली, तर प्रवाह अधिक वाहतो, कॉईल तापते आणि पॉइंट काही दिवसांतच जळतात. पॉइंट वारंवार खड्डे पडून खराब होत असतील, तर कंडेन्सरकडे पाहावे. पॉइंट आणि कंडेन्सर नेहमी बरोबरच बदलावेत आणि पॉइंटचे अंतर बदलले, की टायमिंगही पुन्हा लावावे. कारण एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असलेल्या गाडीत अदलाबदलीची साधी चाचणी उपयोगी पडते. समजा, स्कॅनरने पहिल्या सिलिंडरचा ‘पी ०३०१’ हा कोड दाखवला. पहिली कॉईल तिसऱ्या सिलिंडरवर आणि तिसरी पहिल्यावर लावावी. कोड ‘पी ०३०३’ झाला, तर दोष कॉईलचा. कोड तोच राहिला, तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन पाहावे. या पाच मिनिटांच्या कामामुळे चारही कॉईल विकत घेण्याचा खर्च वाचू शकतो. प्लगच्या खोबणीत ऑइल साचलेले असेल, तर कॉईलचे रबर फुगून खराब होते. तेथे आधी टॅपेट कव्हरचे गॅस्केट बदलावे आणि मगच नवी कॉईल बसवावी.

गॅस आणि इथेनॉल

एलपीजी किंवा सीएनजीवर चालणाऱ्या मोटारीत मिश्रण पेटवण्यास अधिक विद्युत दाब लागतो. पेट्रोलवर कशीबशी चालणारी वायर किंवा रुंदावलेली फट गॅसवर लगेच उघडी पडते. त्यामुळे अशा गाडीत प्लगची तपासणी अधिक वेळा करावी आणि किट बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेली फट ठेवावी. गरम प्लगचा प्रयोग तर येथे मुळीच करू नये. इग्निशन चुकून इनटेकमध्ये गॅस पेटला, तर एअर फिल्टरची पेटी फुटण्याचे प्रकार घडतात.

२०२३ पासून २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल टप्प्याटप्प्याने देशभर आले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असल्याने सरासरीत थोडी घट होणे स्वाभाविक आहे. ती भरून काढण्यासाठी प्लग बदलण्यात अर्थ नाही. मात्र जुन्या गाडीतील रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे वॉशर अशा इंधनाने खराब होऊ शकतात आणि त्यातून होणारा पेट्रोलचा तुटवडा इग्निशनच्या दोषासारखाच भासतो. नळी पाझरत असेल आणि वायरमधून ठिणगी उडत असेल, तर आगीचा धोका आहे, हे विसरू नये.

बनावट मालापासून सावध

आपल्याकडे मिस्त्री आजही ‘मायकोचा प्लग’ मागतात. मायको म्हणजे १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी. २००८ मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले. त्यामुळे आज ‘मायको’ नावाच्या कोऱ्या खोक्यातील प्लग समोर आला, तर तो जुना साठा आहे की नक्कल, हे विचारणे गैर नाही.

नक्कल ओळखण्याच्या काही खुणा आहेत. छपाई पुसट किंवा बोटाने निघणारी असणे, बाजूची पट्टी मधल्या टोकाच्या मध्यावर नसणे, आट्यांना खरखर असणे, वॉशर सहज गळून पडणे, खोक्यावरील आणि प्लगवरील क्रमांक वेगळे असणे, यांपैकी एकही खूण दिसली तर माल परत करावा. किमतीत मोठा फरक असेल, तर तो फुकट मिळत नसतो. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर भागाचा क्रमांक लिहून घ्यावा. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याचाही मार्ग आहे; पण बिलाविना हे दोन्ही मार्ग कठीण होतात.

बसवताना घ्यायची काळजी

बहुतेक मोटारींचे हेड अॅल्युमिनियमचे असते. इंजिन गरम असताना प्लग काढल्यास आटे खराब होण्याचा धोका असतो. आधी प्लगभोवतीची धूळ हवेच्या झोताने उडवावी. अन्यथा ती थेट सिलिंडरमध्ये जाते. नवा प्लग बसवताना पान्याचा वापर शेवटीच करावा. सुरवातीचे सर्व आटे हातानेच फिरले पाहिजेत. वॉशर टेकल्यावर, १४ मि.मी.च्या नव्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरेसा असतो. फट गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यानुसार फिलर गेजने मोजावी. बहुतेक मोटारींत ती ०.७ ते १.१ मि.मी. यांच्या दरम्यान असते. इरिडियमचे टोक नाजूक असल्याने त्याची फट वाकवून बदलण्याचा प्रयत्न करू नये.

‘मिस’ मारणारी गाडी तशीच रेटणे हे सर्वांत महाग पडते. न जळालेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइल धुऊन टाकते आणि इंजिनाची झीज वाढते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत ते पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. त्यातील प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा थर असलेला गाभा वितळू शकतो आणि काही शे रुपयांच्या प्लगसाठी हजारो रुपयांचा भुर्दंड बसतो. असा लालबुंद तापलेला भाग घेऊन गाडी वाळलेल्या गवतावर किंवा ज्वारीच्या धसकटांवर उभी केल्यास आग लागण्याची भीती असते.

खर्च कोठे थांबवावा?

खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये करण्यात आले. पर्यावरण कर आणि पीयूसी प्रमाणपत्राचा खर्च वेगळा. पीयूसीच्या चाचणीत अनुत्तीर्ण होणाऱ्या पेट्रोल गाडीतही इग्निशनचा दोष हे एक प्रमुख कारण असते. म्हणून नूतनीकरणाची तारीख जवळ आली असेल, तर आधी कॉम्प्रेशनची तपासणी करावी आणि मगच पुढील खर्चाचा विचार करावा.

कॉम्प्रेशन सर्व सिलिंडरांत सारखे आणि समाधानकारक असेल, तर प्लग, वायर, कॅप, रोटर आणि दोन्ही फिल्टर यांचा एकत्रित खर्च निःशंकपणे करावा. तेवढ्यावर गाडी आणखी काही वर्षे इमानाने साथ देईल. कॉम्प्रेशन खालावलेले असेल, तर पुस्तिकेतील क्रमांकाचा साधा प्लग घालून, इंजिनाच्या कामाचा खर्च आणि गाडीची उरलेली किंमत यांचा हिशेब मांडावा. या टप्प्यावर महाग कॉईल आणि इरिडियम प्लग घेणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे होय.

थोडक्यात

- प्लग सिलिंडरच्या क्रमाने काढा आणि फेकण्यापूर्वी त्यांची टोके पाहा.
- गाडीच्या पुस्तिकेतील क्रमांकच घ्या. दुसऱ्या कंपनीचा प्लग घेताना तुलनात्मक तक्ता पाहा. केवळ अंक जुळवू नका.
- प्लग, वायर, कॅप-रोटर आणि पॉइंट-कंडेन्सर हे संचाने बदला. स्वतंत्र कॉईल मात्र अदलाबदलीची चाचणी करूनच बदला.
- ऑइलने भिजलेला प्लग दिसल्यास कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय महाग भाग घेऊ नका.
- इंजेक्शनच्या गाडीत रेझिस्टर असलेलाच प्लग वापरा.
- काढलेल्या प्लगपैकी सुस्थितीतील एक आणि प्लग पाना गाडीत ठेवा. रात्रीच्या प्रवासात त्याचा उपयोग होतो.
- बिल घ्या आणि बदललेल्या तारखेची व किलोमीटरची नोंद पुस्तिकेत करून ठेवा.